उंदीर मारून उंदीर कमी होत नाहीत

जगातल्या १६ शहरांमधल्या उंदरांच्या नोंदी तपासणारा एक अभ्यास जानेवारी २०२५ मध्ये 'सायन्स ॲडव्हान्सेस' या नियतकालिकात आला. त्यातल्या ११ शहरांत उंदीर वाढत असल्याचं दिसलं आणि वॉशिंग्टन, सॅन फ्रान्सिस्को, टोरांटो, न्यूयॉर्क, ॲम्स्टरडॅम ही संपन्न शहरं त्यात पुढे होती. जिथे तापमान अधिक वाढलं तिथे उंदीरही अधिक वाढले, असं आढळल्यामुळे बातम्यांचा सगळा रोख हवामानबदलाकडे वळला. हिवाळा सौम्य झाला की उंदरांना बाहेर वावरायला जास्त दिवस मिळतात, हे खरंच आहे. पण उंदीर नुसतं ऊन खाऊन जगत नाही. त्याला रोज सुमारे ३० ग्रॅम अन्न लागतं आणि ते त्याला मिळतं कुठून, हा प्रश्न मथळ्यांच्या गर्दीत हरवला. दाट लोकवस्ती आणि आटत चाललेली हिरवळ यांच्याशीही उंदरांच्या वाढीचा संबंध याच अभ्यासात दिसला होता. त्याची चर्चा फारच थोडी झाली.

नियम इतके कडक, तपासनीस इतके दक्ष, मग न्यूयॉर्कसारख्या शहरातल्या हॉटेलांत उंदीर येतात तरी कसे, असं आपल्याकडे हमखास विचारलं जातं. उंदीर दिसला म्हणजे स्वयंपाकघर गलिच्छ आणि मालक बेफिकीर, असं त्यामागचं गृहीत असतं. ते कितपत टिकतं हे न्यूयॉर्कमधल्या एका गाजलेल्या प्रकारावरून बघता येईल. फेब्रुवारी २००७ मध्ये ग्रीनिच व्हिलेज भागातल्या एका फास्ट फूड हॉटेलात, दुकान उघडण्याआधीच्या वेळेत, डझनभर उंदीर टेबलांखालून आणि लहान मुलांच्या उंच खुर्च्यांभोवती मोकाट धावताना टीव्हीच्या कॅमेऱ्यांनी काचेतून टिपले. आदल्याच दिवशी आरोग्य खात्याची तपासणी होऊन हे हॉटेल पास झालं होतं! साहजिकच तपासनीसावर झोड उठली. तळघरात चाललेल्या बांधकामामुळे उंदीर बिथरून वर आले, असं कंपनीचं म्हणणं होतं. सबब म्हणून ते लंगडं आहे, कारण फटी बुजवणं ही हॉटेलचीच जबाबदारी. पण जीवशास्त्राच्या दृष्टीने त्यात तथ्य आहे. न्यूयॉर्कचा तपकिरी उंदीर बीळ खणून राहणारा प्राणी आहे. तळघराच्या भिंतीमागची पोकळी, पदपथाखालची भुसभुशीत माती, झाडाच्या आळ्यातली जागा ही त्याची घरं. बिळापासून शंभर-दीडशे फुटांच्या टापूतच त्याचं बहुतेक आयुष्य जातं. हॉटेल हे त्या टापूतलं त्याचं एक ठिकाण असतं, आणि तपासनीस बघतो ते फक्त तेवढंच.

जुलै २०१० पासून न्यूयॉर्कच्या हॉटेलांना दारावर 'ए', 'बी', 'सी' अशी श्रेणी लावावी लागते. दोषांचे गुण मोजतात, म्हणजे जितके कमी तितकं चांगलं. १३ पर्यंत 'ए'. तपासनीस टॉर्च घेऊन ओट्याखाली, शीतपेट्यांमागे, पाइप भिंतीत शिरतो त्या भोकापाशी वाकून ताज्या लेंड्या शोधतो आणि त्यांच्या संख्येनुसार गुण देतो. ताजी लेंडी काळी, ओलसर, चकाकणारी. जुनी करडी आणि चुरा होणारी. थोड्याच सापडल्या आणि बाकी सारं ठाकठीक असलं, तर 'ए' मिळू शकतो. या पाट्यांचा उपयोग काय, यावर अर्थशास्त्रज्ञांत चांगलाच वाद झाला आहे. लॉस एंजेलिसमध्ये ही पद्धत १९९८ साली आली. तिच्यामुळे अन्नातून होणाऱ्या आजारांसाठी इस्पितळात दाखल होणाऱ्यांचं प्रमाण सुमारे २० टक्क्यांनी घटलं, असा २००३ मधला एक शोधनिबंध जगभर उद्धृत झाला. पुढे संशोधक डॅनियल हो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तीच आकडेवारी पुन्हा तपासली. दक्षिण कॅलिफोर्नियात पाट्या येण्याआधी साल्मोनेलाची मोठी साथ येऊन गेली होती आणि ती ओसरल्याचं श्रेय पाट्यांना मिळालं होतं, असं त्यांनी २०१९ मध्ये दाखवून दिलं. पाट्या निरुपयोगी आहेत, असा याचा अर्थ नाही. गिऱ्हाईकाला माहिती मिळालीच पाहिजे. मात्र हॉटेलच्या दारावरच्या अक्षराने उंदरांचा हिशेब लागेल, ही अपेक्षा गैर आहे.

तो हिशेब कुणी लावला असेल तर डेव्हिड डेव्हिस यांनी, आणि त्यांचं नाव आज फारसं कुणी घेत नाही याची मला मनापासून खंत वाटते. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात अमेरिकेतल्या बाल्टिमोर शहरात जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठाच्या कर्ट रिक्टर यांनी 'ॲन्टू' नावाचं नवं विष वापरून उंदीर मारण्याची मोठी मोहीम काढली. उंदीर ढिगांनी मेले. थोड्या काळाने बघावं, तर गल्ल्या पुन्हा तशाच भरलेल्या. याच विद्यापीठात पुढे उंदरांच्या परिसराचा अभ्यास करणारा प्रकल्प उभा राहिला आणि त्यात डेव्हिस आले. ते मुळात पक्ष्यांचे अभ्यासक. म्हणूनच बहुधा त्यांनी उंदराकडे शत्रू म्हणून न बघता कुठल्याही रानटी प्राण्याकडे बघावं तसं बघितलं. घरांच्या चौकाचौकांत बिळं, वाटा आणि लेंड्या मोजत, उंदीर पकडत, ते आणि त्यांचे सहकारी वर्षानुवर्षं नोंदी घेत राहिले. एखाद्या चौकातले निम्मे उंदीर काढून घेतले की उरलेल्यांना अन्न मुबलक होतं, जास्त माद्या गाभण राहतात आणि संख्या पुन्हा पूर्वीच्या पातळीला येऊन थांबते. तपकिरी उंदराची मादी तीनेक आठवड्यांत विते आणि पिल्लं दोन-तीन महिन्यांत स्वतः वीण घालायला तयार होतात, हे लक्षात घेतलं तर यात नवल नाही. नवल आहे ते उलट्या प्रयोगात. या मंडळींनी बाहेरून पकडून आणलेले उंदीर भरलेल्या चौकांत सोडले. संख्या वाढेल असं कुणालाही वाटेल. ती वाढली नाही. भांडणं झाली, उंदीर मेले, पांगले, पण चौकाचा आकडा हलला नाही. तो आकडा ठरवत होता तिथला कचरा आणि लपायच्या जागा. मग घरमालकांना कुंपणं, परसदारं दुरुस्त करायला लावली, उघडा कचरा हटवला; तेव्हा उंदीर घटले आणि घटलेलेच राहिले. याच प्रकल्पातले जॉन कॅल्हून यांचे पुढचे, पिंजऱ्यात उंदरांची गर्दी करून त्यांचं समाजजीवन कसं कोसळतं हे दाखवणारे प्रयोग जगप्रसिद्ध झाले. डेव्हिस यांचं कंटाळवाणं वाटणारं पण कितीतरी अधिक उपयोगाचं काम मात्र ग्रंथालयात पडून राहिलं.

तेव्हाची विषं कमी प्रभावी होती, आजची रसायनं वेगळी आहेत, असं यावर कुणी म्हणेल. उंदीर नव्या वस्तूला बिचकतो, थोडं चाखून बघतो आणि त्रास झाला तर पुन्हा तोंड लावत नाही. त्यामुळे खाल्ल्यावर चार-पाच दिवसांनी मारणारं वॉरफरिन १९४८ साली बाजारात आलं तेव्हा ते रामबाण वाटलं. (सडलेलं गवत खाऊन रक्तस्रावाने मरणाऱ्या गाईंचं कोडं सोडवताना विस्कॉन्सिनमध्ये कार्ल लिंक यांच्या प्रयोगशाळेत या शोधाची सुरुवात झाली. हृदयाची कृत्रिम झडप बसवलेल्या रुग्णांना रक्त पातळ ठेवण्यासाठी दिली जाणारी गोळी हीच.) दहाच वर्षांत, १९५८ मध्ये, स्कॉटलंडच्या उंदरांना ते पचू लागलं. त्यानंतर अधिक जहाल रसायनं आली आणि ती मेलेल्या उंदरांतून घुबडं-ससाण्यांच्या पोटात पोहोचली. विष किंवा पिंजरे टाकूनच द्या, असं डेव्हिस म्हणत नव्हते. कचरा आवरल्यावर उरलेले उंदीर मारले तर त्यांची जागा भरून येत नाही, म्हणून क्रम महत्त्वाचा. मुंबईत रात्री काठी आणि टॉर्च घेऊन उंदीर मारत फिरणाऱ्या पालिकेच्या कामगारांच्या मेहनतीलाही हेच गणित लागू पडतं.

न्यूयॉर्कने हा क्रम अर्धं शतक उलटा ठेवला. तिथे १९६८ मध्ये सफाई कामगारांचा संप झाला आणि त्यानंतरच्या काही वर्षांत पत्र्याच्या डब्यांची जागा प्लास्टिकच्या पिशव्यांनी घेतली. गाडी येईपर्यंत उरलेल्या अन्नाच्या काळ्या पिशव्या रात्रभर पदपथावर रचलेल्या, आणि उंदराच्या दातांपुढे पिशवी म्हणजे काहीच नाही. स्वयंपाकघर आरशासारखं लख्ख ठेवणाऱ्या हॉटेलवाल्यालाही रात्री तिथेच पिशव्या ठेवाव्या लागत. उंदीर किती विसंबून होते या ढिगांवर, ते २०२० च्या टाळेबंदीत कळलं. हॉटेलं बंद पडली, कचरा थांबला, आणि भुकेले उंदीर अन्नाच्या शोधात भलतीकडे फिरू लागतील, आक्रमक होतील, अशी सूचना अमेरिकेच्या रोगनियंत्रण केंद्राला त्या मे महिन्यात काढावी लागली. इतका मोठा प्रयोग कुणी ठरवून केला नसता. त्यानंतर कुठे शहराची पावलं वळली. एप्रिल २०२३ पासून पिशव्या बाहेर ठेवायची वेळ दुपारी चारवरून रात्री आठवर गेली, जुलै २०२३ पासून हॉटेलांना आणि १ मार्च २०२४ पासून सगळ्याच व्यवसायांना झाकणाचे डबे सक्तीचे झाले.

उंदीर रोग पसरवतात त्याचं काय, असाही एक आक्षेप येतो, आणि तो हलक्यात घेता येणार नाही. प्लेगची आठवण असलेल्या महाराष्ट्राला तर तो जवळचा. मुंबईत १८९६ साली प्लेग आला. दोन वर्षांनी, तेव्हा मुंबई इलाख्यात असलेल्या कराचीत संशोधक पॉल-लुई सिमोंद यांनी उंदरावरची पिसू तो पसरवते हे दाखवलं आणि त्यांचं कुणी बराच काळ ऐकलं नाही. न्यूयॉर्कच्या १३३ उंदरांच्या २०१४ मधल्या तपासणीत साल्मोनेला आणि घातक ई. कोलाय सापडले, शिवाय १८ नवे विषाणू. तेव्हा उंदीर निरुपद्रवी नाहीच. मात्र धोका कुणाला आहे, ते नीट बघायला हवं. न्यूयॉर्कमध्ये २०२३ साली लेप्टोस्पायरोसिसचे २४ रुग्ण नोंदले गेले, तोवरच्या कुठल्याही वर्षापेक्षा जास्त. आपल्याकडे पावसाळ्यात धास्ती घालणारा हा आजार उंदराच्या मुताने दूषित झालेल्या पाण्यातून, कातडीवरच्या जखमेवाटे शिरतो. म्हणजे पहिला धोका फाटक्या पिशव्या उचलणाऱ्या हातांना. टेबलावर बसलेल्या गिऱ्हाईकाला मुख्य भीती वेगळीच आहे. अमेरिकेत हॉटेलांशी निगडित २०१७ ते २०१९ मधल्या ८०० उद्रेकांची जी पाहणी झाली, तीत ज्यांचं कारण कळलं त्यांतल्या जवळपास निम्म्यांच्या मुळाशी नोरोव्हायरस होता. उद्रेकाला हातभार लावणाऱ्या बाबी जिथे ओळखता आल्या, तिथे सुमारे ४० टक्के वेळा आजारी कर्मचाऱ्याचा हात अन्नाला लागलेला होता. पगारी रजा नसलेला स्वयंपाकी जुलाब होत असताना कामावर येतो, हे दाराच्या पाटीवरून कुणालाच दिसत नाही.

कचऱ्याच्या या झाकणदार डब्यांचा परिणाम मोजायला न्यूयॉर्कमध्ये नागरिकांच्या तक्रारींचे आकडे वापरले जातात आणि ते फसवे असू शकतात. उंदरांची बातमी गाजली की तक्रारी वाढतात, कंटाळलेले लोक तक्रार करणं सोडतात. बिळं मोजणं जास्त खात्रीचं. बिळाच्या तोंडात वर्तमानपत्राचा बोळा घट्ट खुपसायचा आणि दुसऱ्या दिवशी तो बाहेर ढकललेला आहे का बघायचं. असेल तर आत वस्ती आहे. महिन्यागणिक त्याच चौकात हे केलं तर डबे आल्यावर काय फरक पडला ते कळेल. हॉटेलच्या तपासणीतही समोरच्या पदपथासाठी आणि इमारतीच्या तळघरासाठी वेगळा रकाना हवा. त्या रकान्यातले दोष इमारतीच्या मालकाच्या आणि पालिकेच्या नावावर चढवले, तर हॉटेलवाल्याकडे फक्त त्याच्या हातातलं काम उरेल: फटी बुजवणं, दारं घट्ट बंद ठेवणं आणि आजारी माणसाला पगार देऊन घरी पाठवणं.