'टायमिंग' बिघडले, हेड उघडण्यापूर्वी हे तपासा

चालत्या मोटारीचे इंजिन अचानक बंद पडते. चावी फिरवली की स्टार्टर नेहमीपेक्षा हलका आणि भराभर फिरतो. मात्र इंजिन काही सुरू होत नाही. गॅरेजमध्ये 'टायमिंग गेले' एवढेच सांगितले जाते आणि पाठोपाठ हेड उघडण्याच्या खर्चाचा मोठा आकडा पुढे येतो. हा खर्च अटळ आहे का, हे ठरविण्यापूर्वी टायमिंगमधील बिघाड कसा तपासतात, हे वाहनधारकाने समजून घेणे हिताचे ठरते.

इंजिनात पिस्टनची वर-खाली हालचाल क्रँकशाफ्टला फिरविते, तर हवा आत घेणारे आणि धूर बाहेर सोडणारे वॉल्व्ह कॅमशाफ्ट उघडतो. क्रँकशाफ्टचे दोन फेरे होतात, तेव्हा कॅमशाफ्टचा एक फेरा पूर्ण व्हावा लागतो. हा मेळ राखण्याचे काम टायमिंग बेल्ट किंवा टायमिंग चेन करते. इंजिन मिनिटाला ३००० फेरे घेत असेल, तर प्रत्येक वॉल्व्ह सेकंदाला २५ वेळा उघडतो. क्रँकच्या चाकाला २० दाते असतील आणि बेल्ट एकच दात सरकला, तर क्रँकच्या हिशेबाने १८ अंशांचा फरक पडतो. इंजिनाची ताकद घटण्यास तेवढे पुरेसे असते.

अनेक इंजिनांत पिस्टन आणि उघडलेला वॉल्व्ह एकच जागा आळीपाळीने वापरतात. बेल्ट तुटला की कॅमशाफ्ट थांबतो, पण पिस्टन वर येतच राहतात आणि उघड्या वॉल्व्हवर आदळतात. वॉल्व्ह वाकतात, प्रसंगी पिस्टनलाही इजा होते. काही इंजिनांत मात्र दोहोंत पुरेसे अंतर राखलेले असते. तेथे बेल्ट तुटला तरी नवा बसवून काम भागते. आपले इंजिन कोणत्या प्रकारचे आहे, हा पहिला प्रश्न मेकॅनिकला विचारावा.

बेल्ट आणि चेन

दात्यांचा रबरी बेल्ट १९६२ मध्ये बाजारात आलेल्या जर्मनीच्या ग्लास १००४ या मोटारीत प्रथम वापरला गेला. आपल्याकडे मारुती ८०० मध्येही बेल्टच होता. बेल्ट स्वस्त आणि कमी आवाजाचा असतो. मात्र तो जुना होतो, तेल गळून त्यावर पडल्यास लवकर खराब होतो आणि बहुधा सूचना न देता तुटतो. मारुती स्विफ्टच्या २००७ ते २०२० या काळातील १.३ लिटर डिझेल इंजिनात चेन होती. चेन तेलात फिरते व दीर्घकाळ टिकते. परंतु तेल वेळेवर बदलले नाही, तर ती झिजून सैल होते आणि तिला ताणून धरणारा टेन्शनर निकामी होतो. थंड इंजिन सुरू करताना काही क्षण येणारा खडखडाट हे त्याचे ठळक लक्षण होय.

निदानाचा क्रम

चेक इंजिनचा दिवा लागला की स्कॅनर जोडून संकेतांक वाचतात. पी ००१६ या संकेतांकाचा अर्थ क्रँक आणि कॅम यांच्या स्थितीचा मेळ बसत नाही, इतकाच. चेन सैल झाली आहे, असे तो सिद्ध करीत नाही. घाण झालेले किंवा कमी पडलेले तेल, वॉल्व्हचे टायमिंग बदलणारा तुंबलेला तेलाचा व्हॉल्व्ह, नादुरुस्त सेन्सर वा त्याची तुटलेली वायर यांमुळेही तोच संकेतांक दिसू शकतो. म्हणून तेल आणि वायरिंग यांची स्वस्तातील तपासणी प्रथम व्हावी.

त्यानंतर वरचे कव्हर काढून बेल्ट पाहता येतो. तो जागेवर असल्यास पुलींवरील खुणा जुळतात का, ते हाताने इंजिन फिरवून तपासतात. बेल्ट तुटल्याचा संशय असेल, तर वारंवार स्टार्टर मारू नये आणि ढकलून गाडी सुरू करण्याचा प्रयत्न तर मुळीच करू नये. वाचलेले वॉल्व्हही त्यामुळे वाकतात.

बेल्ट तुटलेला आढळला तरी थेट हेड उतरविण्याची गरज नसते. खुणा जुळवून नवा बेल्ट बसवावा, पान्याने इंजिन हळूच दोन फेरे फिरवावे आणि कोठेही अडत नसेल तर प्रत्येक सिलिंडरचे कॉम्प्रेशन मोजावे. सर्व सिलिंडरचे आकडे जवळपास सारखे आणि कंपनीने दिलेल्या मर्यादेत असतील, तर वॉल्व्ह वाचल्याची शक्यता मोठी. एखादा आकडा शून्याजवळ असेल, तर त्या सिलिंडरमध्ये हवा भरून ती कोठून सुटते ते ऐकतात. सायलेन्सरमधून फुसफुस आली, तर धूर सोडणारा वॉल्व्ह वाकलेला. हवा आत घेण्याच्या मार्गातून आली, तर दुसरा. तेल भरण्याच्या तोंडातून आली, तर दोष पिस्टन वा रिंगकडे असतो.

खर्चाचा निर्णय

वॉल्व्ह सुस्थितीत असतील, तर बेल्टसोबत टेन्शनर, आयडलर आणि त्याच बेल्टवर चालणारा वॉटर पंपही बदलून घ्यावा. मजुरीचा मोठा भाग तेथपर्यंत पोहोचण्यातच जातो. वॉल्व्ह वाकले असतील, तर हेडचे काम, गॅस्केट आणि सुटे भाग यांचे लेखी अंदाजपत्रक घ्यावे व ते मोटारीच्या आजच्या किमतीशी ताडून पाहावे. समजा, मोटार १ लाख २० हजारांची आहे आणि दुरुस्ती ४५ हजारांची. बॉडी, गिअरबॉक्स आणि टायर चांगले असतील, तर हा खर्च परवडतो. तेही जवळ आलेले असतील, तर आहे त्या स्थितीत विकणेच शहाणपणाचे.

जुने इंजिन आणून बसविणे हा पर्याय स्वस्त वाटतो. मात्र इंजिन क्रमांक बदलत असल्याने आरटीओची परवानगी आणि नोंदणी पुस्तिकेत नोंद आवश्यक असते. नेहमीच्या विमा पॉलिसीत झीज व यांत्रिक बिघाड यांची भरपाई मिळत नाही, हेही ध्यानात ठेवावे. काम झाल्यावर बदललेले जुने भाग आणि पक्के बिल मागून घ्यावे. पुढे वाद उद्भवल्यास ग्राहक आयोगापुढे तोच पुरावा ठरतो.

बेल्ट केव्हा बदलायचा, हे मोटारीच्या पुस्तिकेत किलोमीटर आणि वर्षे अशा दोन्ही मापांत दिलेले असते. त्यांपैकी जे आधी भरेल, ते प्रमाण मानावे. गाडी कमी चालली म्हणून रबराचे वय थांबत नाही. जुनी मोटार विकत घेताना बेल्ट बदलल्याची पावती नसेल, तर तो बदललेला नाही असेच गृहीत धरून किंमत ठरवावी.