पानशेतचे पाणी पाहून आलो



दिवाळी झाली, गळीत हंगामाला अजून थोडा अवधी होता. ऊसतोडीच्या टोळ्या यायच्या आधी एक दिवस सवडीचा मिळाला. म्हणून गटातले आम्ही काही सभासद गाडी करून पानशेतला जाऊन आलो. तिथे धरणाच्या फुगवट्यात होड्या, मोटरबोटी आहेत, पोरंबाळं रमतात. लोक त्याला 'वॉटर पार्क' म्हणतात. घरातल्या मुलांनी फार धरले होते, म्हणून त्यांनाही बरोबर घेतले. मुलांना होडी पाहायची होती, आम्हांला आपल्या पाटाचे मूळ पाहायचे होते.

आपल्याकडे पाटाला पाणी आले की 'खडकवासल्याचं आवर्तन सुटलं' असे आपण म्हणतो. पण खडकवासला म्हणजे नुसता हंडा. त्यात मावते जेमतेम १.९७ अब्ज घनफूट. त्याच्या पाठीमागे पानशेत १०.६५, वरसगाव १२.८२ आणि टेमघर ३.७१ अशी तीन धरणे उभी आहेत. चारी मिळून सुमारे २९ अब्ज घनफूट. पुणे शहराची तहान आणि हवेली, दौंड, इंदापूरचा ऊस या एवढ्यावर चालतो. आणि यांतले पानशेत एकदा फुटले होते.

पुण्यात शिरताना

हडपसर सोडून गाडी शहरात शिरली. पुढे पर्वतीच्या बाजूला कालवा घरांच्या गर्दीतून जाताना दिसला. आपल्याकडे कालव्याच्या कडेला बाभळी नि घाणेरी. इथे कडेला भिंतीला भिंत लागून घरे. दांडेकर पुलाजवळ गाडी थांबवून पाहिले. २७ सप्टेंबर २०१८ रोजी याच भागात मुठा उजव्या कालव्याचा भराव फुटला आणि पाणी वस्तीत घुसले. भरदिवसा लोकांची भांडीकुंडी वाहून गेली. जे पाणी आपल्या सरीत यायचे, ते कष्टकऱ्यांच्या चुलीत शिरले. त्यांचे घर गेले, आपली पाळी लांबली. भराव एकच, नुकसान दोन्हीकडे.

तिथून लकडी पुलावर आलो. आमच्यात सर्वांत वडीलधारे म्हणजे आबा, वयाची पंचाहत्तरी उलटलेली. ते कठड्याला हात लावून म्हणाले, "पोरांनो, हा पूल पाण्याखाली गेला होता." मुलांना खरे वाटेना. खाली मुठा एवढीशी, गुडघाभर पाण्याची.

१२ जुलै १९६१

आंबी नदीवर पानशेतचे मातीचे धरण तेव्हा बांधून पुरते झालेले नव्हते. काम १९६२ मध्ये संपायचे होते, पण घाई करून १९६१ च्या पावसाळ्यातच पाणी अडवले गेले. धरणाच्या पोटातून पाणी बाहेर सोडण्याची जी मोरी, तिच्या दारांची कामे अपुरी होती. दारे अर्धवट उघडी, त्यांतून पाणी जोराने आपटत सुटलेले. त्या हादऱ्यांनी मोरीची कमान दुबळी झाली आणि तिच्यावरचा मातीचा भराव खचू लागला. लष्कराचे जवान रात्रभर वाळूची पोती रचत होते. पण माथा खाली बसत गेला, पाणी त्यावरून वाहू लागले आणि १२ जुलैला सकाळी धरण फुटले.

शेततळ्याचा बांध ज्याने फुटताना पाहिला आहे, त्याला हे वेगळे समजावून सांगायला नको. आधी ओल दिसते, मग माती बसते. एकदा पाण्याला वाट सापडली की फावडे घेऊन धावून उपयोग नसतो.

पानशेतचे पाणी खडकवासल्यात आले. ते इंग्रजी अमदानीत, १८७९ च्या सुमारास पुरे झालेले दगडी धरण. तेही त्याच दिवशी फुटले. मग पुण्याच्या पेठांत पाणी शिरले. नारायण, शनिवार, कसबा, डेक्कन जिमखाना, जिकडे तिकडे वाडे कोसळले. मृतांच्या आकड्यावर आजही एकमत नाही. लोक म्हणतात, दिवसा आले म्हणून तरी वाचलो, रात्री आले असते तर काय झाले असते कोण जाणे.

पूर ओसरला तेव्हा दुसरेच संकट उभे राहिले. खडकवासलाच रिकामे, मग नळाला पाणी कुठून येणार? ज्या शहरात दुमजली घरे बुडाली, त्याच शहरात लोक प्यायच्या पाण्यासाठी जुन्या आडांवर रांगा लावून उभे राहिले. आणि खाली आपल्याकडे? आबा तेव्हा लहान होते. ते सांगत होते, "पाट कोरडा पडला. आम्ही पोरं पाटात गोट्या खेळायचो, आन् बाप बांधावर बसून उसाकडं बघायचा."

सावरले कसे

सरकारने पुनर्वसनाच्या कामावर स. गो. बर्वे यांना नेमले. यशवंतराव चव्हाण तेव्हा मुख्यमंत्री होते. बर्वे हे पुण्याची नस माहीत असलेले अधिकारी, पूर्वी पुणे महापालिकेचे आयुक्त होते. चिखल उपसणे, नळ आणि वीज पुन्हा चालू करणे, उघड्यावर पडलेल्यांना छप्पर देणे, ही कामे नेटाने झाली. पुढच्याच वर्षी पुणेकरांनी त्यांना शिवाजीनगरातून विधानसभेवर निवडून दिले. गोखलेनगर, लोकमान्यनगर, सहकारनगर या वस्त्यांत आज वर्दळ पाहून कोणाला आठवणार नाही, पण तिथे पूरग्रस्तांचे संसार नव्याने उभे राहिले. त्यात आपल्याला अभिमान वाटावा अशी गोष्ट ही की, पूरग्रस्तांनी शंभराहून अधिक सहकारी गृहरचना संस्था काढल्या. एकट्याने उभे राहता येत नाही तेव्हा चार जणांनी मिळून उभे राहायचे, हे आपण कारखाना काढताना शिकलो, ते पुणेकर पुरानंतर शिकले. खरे तर दोघांचाही गुरू गरज.

धरणांचेही तसेच. खडकवासला दुरुस्त करून बळकट केले. पानशेत नव्याने बांधायला मात्र वेळ लागला. ते पुरे झाले १९७०-७२ च्या सुमारास. मोडायला एक सकाळ, उभारायला दहा वर्षे! आज त्या जलाशयाला तानाजीसागर म्हणतात.

आणखी एक गोष्ट विसरून चालणार नाही. या पाण्याखाली गावे गेली. पानशेत-वरसगावच्या धरणग्रस्तांपैकी काहींना दौंड तालुक्यात जमिनी दिल्या. म्हणजे ज्यांची भातखाचरे बुडाली, ते आज आपल्या बांधाला बांध लावून आहेत. पाणीवाटपाच्या बैठकीत आवाज चढला की हे आठवावे.

होडीत

दुपारी पानशेतला पोहोचलो. पाणी तुडुंब, भोवती हिरवे डोंगर. मुले होडीत बसली, मोटरबोट सुटली, तुषार उडाले, आरडाओरडा झाला. आबा काठावर बसून राहिले. आम्ही म्हटले, "आबा, चला की एक फेरी." ते म्हणाले, "मला नको. पोरं हसतायत, ते इथून चांगलं दिसतं." मग जरा थांबून म्हणाले, "हे पाणी असंच शांत राहू दे. त्याला पुन्हा रागवायला लावू नका."

येताना सिंहगड रस्त्याने एकतानगरीवरून आलो. २५ जुलै २०२४ ला खडकवासल्यातून सुमारे ३५ हजार क्युसेक पाणी सोडले गेले आणि पहाटे इथल्या इमारतींच्या तळमजल्यांत पाणी भरले. लोकांनी गाड्या, फ्रिज, पोरांची दप्तरे गमावली. या वेळी धरण फुटले नव्हते. पात्राच्या कडेला आपण घरे बांधत गेलो, नदीला जागा ठेवली नाही. १९६१ चा धडा पाटीवर लिहिलेला होता, तो आपणच पुसला.

आपल्यापुरते

शहर पाणी जास्त घेते, ही आपली तक्रार जुनी आहे आणि ती खरीही आहे. मुंढव्याच्या जॅकवेलमधून शहराचे वापरलेले पाणी बेबी कालव्यात येते, ते नीट शुद्ध होऊनच यावे, हा आग्रह आपण सोडायचा नाही. पण दुसऱ्याकडे बोट दाखवताना आपला पाट कसा आहे, तेही बघायला हवे. कालव्याच्या भरावाला खेटून नांगर घालणारे आपणच. रात्री भराव कोरून पाइप टाकणारे आपल्यातलेच. चारीतले गवत तसेच ठेवून 'टेलला पाणी पोचत नाही' म्हणणारेही आपणच. पानशेतला पाणी मोरीजवळ कमजोर जागा शोधत गेले. आपल्या भरावातला पाइप ही तशीच जागा. गावच्या पाटातही पाणी तेच करते.

म्हणून परतीच्या वाटेवर गाडीतच आम्ही ठरवले. आवर्तन सुटायच्या आधी एक रविवार प्रत्येक गटाने आपली चारी साफ करायची. भरावावर ओल, भगदाड, उंदराचे बीळ दिसले तर 'सरकारचं आहे' म्हणून पुढे न जाता त्याच दिवशी पाटबंधारे शाखेत आणि आपल्या गट कार्यालयात कळवायचे. भरावातला चोरटा पाइप ज्याचा असेल त्याने स्वतः काढावा, भावकीचा असला तरी. आणि ज्यांना जमेल त्यांनी निदान खोडव्याला तरी ठिबक करावे. वाचलेले पाणी शेवटी टेलच्या भावालाच मिळणार आहे.

मुलांना विचारले, पानशेतला काय आवडले? सगळी म्हणाली, होडी! बरोबरच आहे. त्यांच्या नातवंडांनीही तिथे होडीतच बसावे, एवढी काळजी आपण घेतली तरी पुष्कळ झाले.