चारठाणा : नांदते ऐतिहासिक गाव

परभणी जिल्ह्यातील जिंतूर तालुक्यात, जिंतूर–जालना मार्गाच्या बाजूला चारठाणा हे यादवकालीन मंदिरांचे गाव आहे. येथील वास्तू कुंपणाआड नाहीत. घरे, गल्ल्या आणि गाभारे एकमेकांना खेटून उभे आहेत. गावात एकेकाळी ३६० मंदिरे होती, असे लोक सांगतात. हा आकडा लोकश्रद्धेचा. परंतु जागोजागी आढळणारे कोरीव दगड गावाच्या जुन्या वैभवाची खात्री पटवतात.

गोकुळेश्वर मंदिर, पायऱ्यांची बारव आणि उंच कोरीव स्तंभ आवर्जून पाहावेत. मुले सोबत असतील, तर त्यांना सर्वाधिक शिकवते ती बांधणी. सांध्यांत चुना न भरता, दगडांना खाचा पाडून ते एकमेकांत बसवण्याच्या या पद्धतीला तेराव्या शतकातील यादवांचा मंत्री हेमाद्री याच्या नावावरून हेमाडपंती म्हणतात. पुस्तकातील आकृतीपेक्षा निखळलेला दगड ही रीत अधिक स्पष्ट दाखवतो. बारवेत उतरताना मुलांचा हात धरावा.

सहलीला पूर्णा नदीवरील येलदरी धरण (१९६८) आणि जिंतूरजवळच्या नेमगिरीच्या जैन गुंफा जोडता येतात. मराठवाड्याच्या उन्हाचा विचार करता नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा काळ उत्तम. पाणी आणि शिदोरी सोबत असावी.

चारठाण्यात आजही पूजाअर्चा चालते. म्हणून मंदिरात पादत्राणे काढावीत, मूर्तींवर चढू नये आणि शिल्पांवर रंग किंवा तेल लावू नये, नावे तर मुळीच कोरू नयेत.