पुराआधी बोटीची गाडी

सकाळी ६

जूनचा पहिला आठवडा म्हणजे यवतमाळच्या लोहारा एमआयडीसीतल्या वर्कशॉपांना दम घ्यायला सवड नाही. मृग तोंडावर आलेला. कुणाच्या ट्रॉलीचं फाळकं तुटलेलं, कुणाचा हूक झिजलेला, आणि प्रत्येकाला पेरणीआधी काम हवं. आज मात्र त्या ट्रॉल्या फाटकाबाहेर थांबल्या आहेत. शेडमध्ये लाकडी ठोकळ्यांवर १६ फुटी फायबरची बोट ठेवली आहे आणि तिच्या शेजारी तिचा नवा, रिकामा ट्रेलर. उमरखेड तालुक्यात पैनगंगेच्या काठी असलेल्या एका गावानं वर्गणी काढून ही बोट घेतली. ती ट्रेलरवर नीट बसवायची, पाण्यात उतरवून बघायची आणि गावच्या पोरांच्या ताब्यात द्यायची, हे आजचं काम.

यासाठी सबंध दिवस राखून ठेवावा असंच हे काम आहे. आपल्या जिल्ह्याच्या दक्षिणेला पैनगंगा, ईशान्येला वर्धा आणि मधून पूस, अरुणावती, अडाण. २८ सप्टेंबर २०२१ ला नांदेडहून नागपूरला निघालेली एसटी उमरखेडजवळ दहागावच्या नाल्यात वाहून गेली. २२ जुलै २०२३ ला महागाव तालुक्यात आनंदनगर तांड्याला पाण्यानं वेढलं, तेव्हा हवाई दलाला हेलिकॉप्टरसाठी सांगावा धाडावा लागला. राज्य आपत्ती प्रतिसाद दलाच्या तुकड्या नागपूर आणि धुळ्याला असतात. त्या निघून पोचेपर्यंतचे तास गावालाच काढायचे असतात. त्या वेळी बोट नुसती असून भागत नाही. रात्री दोनला, भर पावसात ती रस्त्याला लागली पाहिजे. ट्रेलर नसेल तर ती उचलायला दहा माणसं गोळा करा, टेम्पोवाल्याला उठवा, मग टेम्पोतून उतरवायला पुन्हा दहा माणसं शोधा. एवढ्यात पाणी छपरापर्यंत जातं.

सकाळी ७

गावची मंडळी पहिल्यांदा आली तेव्हा त्यांचा सवाल सरळ होता. ‘भाऊ, ट्रॅक्टरची जुनी ट्रॉली हाय आमच्याकडं. तिच्यावरच बसवून द्या ना.’ मी नाही म्हटलं, आणि का, तेही बसवून समजावलं.

दोन चाकांच्या ट्रॉलीचा बराच भार ट्रॅक्टरच्या हूकवर यावा अशीच तिची घडण असते, कारण त्या वजनानं ट्रॅक्टरची मागची चाकं जमीन धरतात. ही बोट मात्र पिकअप ओढणार, आणि तोच भार तिच्या मागे आला की पिकअप मागून दबते आणि पुढची चाकं हलकी होऊन स्टिअरिंग हातात राहत नाही. ट्रॉलीचा हूक आणि पिन खुळखुळतात. शेतातल्या चालीला ते खपतं, डांबरावर ताशी ५० च्या वेगात तोच हिसका बोटीच्या सांध्यांना बसतो. म्हणून इथे ५० मिलिमीटरचा गोळा आणि त्यावर घट्ट बसणारा कपलर हवा.

मग वजनाचा हिशेब मांडला. बोटीचा सांगाडा ३५० किलो. इंजिन ४० अश्वशक्तीचं, साधारण ७५ किलो. २५ लिटर पेट्रोल म्हणजे १९ किलोच्या आसपास. लाइफ जॅकेट, दोर, नांगर, वल्ही, बॅटरी धरून ५५० चा आकडा झाला. ट्रेलर स्वतः २५० चा. एकूण ८००. आपल्या नियमांत ७५० किलोपर्यंतचा ट्रेलर टी-१ गटात आणि त्यावर साडेतीन टनांपर्यंतचा टी-२ गटात मोडतो. टी-१ स्वस्त पडत होता, पण तो पहिल्याच दिवशी मर्यादेबाहेर गेला असता. पुरात भिजलेले दोर आणि चिखलानं भरलेली जॅकेटं वजन वाढवतात, कमी करत नाहीत. म्हणून टी-२.

तो वर्कशॉपमध्ये मनानं जोडून चालत नाही. मोटार वाहन कायदा १९८८ नुसार ट्रेलर हे वाहनच आहे. त्याचा नमुना पुण्याच्या एआरएआय किंवा सीआयआरटीसारख्या संस्थेनं तपासलेला असावा लागतो आणि त्याची नोंदणीही करावी लागते. वेल्डिंग करणारे हात आमच्याकडे उत्तम आहेत, तरी चौकट मान्यताप्राप्त कारखान्यातूनच मागवली. एमएच २९ चा नंबर आला, आणि आता ती चौकट या एका बोटीसाठी बसवण्याचं खरं काम आमचं.

सकाळी ८.३०

बोटीला आधार कुठे द्यायचा? मिस्तरीकाका बोटीखाली आडवे झालेत, हातात खडू. बोटाच्या पेरानं तळ ठोकत ठोकत जातात. पोकळ आवाज आला की पुढे. भरीव ‘टक’ आला की तिथे रेघ. आत लांबीला जाणाऱ्या फासळ्या याच रेघांखाली आहेत आणि फळ्या याच रेघांवर यायला हव्यात. दोन रेघांच्या मधे फळी आली तर प्रत्येक खड्ड्याला फायबर तेवढंच आत दबेल. पहिल्या पावसाळ्यात काही दिसणार नाही, नंतर कधीतरी बारीक तडा दिसेल.

फळ्या सागाच्या. यवतमाळात सागाला तोटा नाही आणि ओल्यात तो कुजत नाही. बोल्टची डोकी लाकडात बुडवून वर गालिचा ताणला. वर्कशॉपमधल्या पोराचं म्हणणं, जुन्या पट्ट्याचं रबर लावू, ते टिकतं. टिकतं हे खरं, पण ओलं रबर बोटीला धरून ठेवतं आणि आपल्याला ती सटकायला हवी आहे.

नुसत्या फळ्यांवर मी थांबलो नाही. तळाच्या कण्याखाली मधोमध रबरी रोलर घातले. फळ्यांवरची बोट सुटायची तर ट्रेलर खोल पाण्यात न्यावा लागतो. बांधलेल्या घाटाला चांगला उतार असतो, तिथे ते जमतं. पुरात घाट कुठला? डांबरी रस्ता जिथे पाण्याखाली जातो तोच घाट, आणि त्याला उतार जवळजवळ नसतोच. रस्त्याच्या कडेला उतरायची सोय नाही, कारण तिथे काळी माती. तिच्यात चाक गेलं की क्रेनशिवाय निघत नाही. तेव्हा गुडघाभर पाण्यात दोन माणसांनी ढकलून बोट सुटली पाहिजे. रोलर त्यासाठी आहेत. फळ्या प्रवासात भार झेलतील, रोलर उतरवताना वाट देतील.

सकाळी ११

चेन-पुलीनं बोट उचलली, खाली ट्रेलर सरकवला, बोट फळ्यांवर टेकवली. बोटीची मागची फळी, जिच्यावर इंजिन लटकतं, ती सागाच्या फळ्यांच्या टोकाबरोबर आली की नाही हे मी दोन्ही बाजूंनी वाकून पाहिलं. ७५ किलोचं इंजिन अधांतरी राहता कामा नये. मग पुढे विंचचा खांब, त्यावर रबरी व्ही. बोटीचं नाक त्यात घट्ट बसल्यावरच बोल्ट आवळले.

दुपारी १२

आता दिवसातलं सगळ्यात मोलाचं काम. ट्रेलरच्या नाकावर, म्हणजे कपलरवर, किती वजन येतं?

ते फार कमी असलं तर वेगात ट्रेलर शेपटीसारखा डावी-उजवीकडे हलू लागतो आणि एकदा हलू लागला की ब्रेकनं आणखी बिघडतो. फार जास्त असलं तर वर सांगितलं ते ट्रॉलीचं दुखणं. एकूण वजनाच्या ५ ते १० टक्के नाकावर असावं. ८०० किलोला ४० ते ८०. मला ६० हवे होते.

जिनिंगचा मोठा वजनकाटा इथे कामाचा नाही. एकूण वजन त्यावर छान कळतं, पण नाकावरच्या किलोंसाठी तो फार ढोबळ. त्यापेक्षा गावोगावी कापूस मोजतात तो प्लॅटफॉर्मचा तोलकाटा आणला. बोटीत सगळं सामान जागच्या जागी ठेवलं, टाकी भरली, ट्रेलर सपाट फरशीवर घेतला. कपलर नेमका पिकअपच्या गोळ्याच्या उंचीवर राहील असा ठोकळा काट्यावर ठेवला आणि नाक अलगद टेकवलं.

काटा म्हणाला ९५.

‘बोट मांगं सरकवून टाकू, भाऊ,’ पोरगा म्हणाला. मिस्तरीकाकांनी मान हलवली. ‘मांगं सरकवली तं इंजन लटकते ना बापा. बोटीले हात नोको लावू. एक्सल पुढं घे.’

हेच बरोबर. कारखान्यानं चौकटीवर एक्सल पुढेमागे सरकवण्याची सोय ठेवली आहे, पण घाईत तिच्याकडे कुणी बघत नाही आणि बोटच ओढाताण करून बसवतात. एक्सलपासून कपलर ४ मीटरवर. ९५ ला ४ नं गुणून ८०० नं भागलं की कळतं, सगळ्या वजनाचा मध्य एक्सलच्या साडेसत्तेचाळीस सेंटिमीटर पुढे आहे. ६० वर यायचं तर एक्सल १९ सेंटिमीटर पुढे. काकांच्या टेपवर साडेसात इंच. जॅक लावले, बोल्ट सैल केले, एक्सल सरकवला. आवळण्याआधी दोन्ही चाकांच्या मध्यापासून कपलरपर्यंत दोन तिरकी मापं घेतली, कारण एक्सल केसभर जरी वाकडा बसला तरी ट्रेलर रस्त्यावर तिरपा चालतो आणि टायर एका कडेनं खाल्ला जातो. मापं जुळली. पुन्हा काट्यावर: ६१. मी समाधानी होतो, काकांनी तरीही एकदा उचलून पुन्हा टेकवायला लावलं. ६१ च आले.

दुपारी २

भाकर, ठेचा, ताक. पंधरा मिनिटं पंख्याखाली.

दुपारी २.३०

बोट बांधण्याची पद्धत. विंचचा पट्टा बोट वर ओढण्यासाठी असतो, तिला धरून ठेवायला नव्हे. नाकाला वेगळी साखळी आणि मागे दोन कोपऱ्यांना दोन पट्टे. इंजिन वर उचलून ठेवलं की खड्ड्यागणिक ते मागच्या फळीला हिसके देतं, म्हणून इंजिनाचा पाय आणि ट्रेलर यांच्यामध्ये बाभळीचा टेकू, दोन्ही टोकांना रबर लावून. बैलगाडीला बाभूळ लागते ती तिच्या चिवटपणामुळे, इथेही तोच गुण हवा. कपलरखाली सुरक्षेच्या साखळ्या एकमेकींवरून तिरप्या नेल्या. कपलर निसटलाच तर नाक जमिनीत घुसण्याऐवजी त्या झोळीत पडेल.

मागचे दिवे चौकटीवर कायमचे लावले नाहीत. ते पाण्यात बुडतात, आणि प्रत्येक पुरानंतर एक बल्ब जातो. दिवे, लाल रिफ्लेक्टर आणि नंबर प्लेट एका सुट्या पट्टीवर घेतली, ती बोटीच्या मागे अडकते. पाण्याजवळ आलं की प्लग काढायचा आणि पट्टी पिकअपमध्ये ठेवायची.

आणि बोटीच्या तळाचं बूच. प्रवासात ते उघडंच हवं. ६ चौरस मीटरच्या उघड्या बोटीत १०० मिलिमीटर पाऊस साठला तर ६०० लिटर, म्हणजे ६०० किलो. बोट आणि तिचं सगळं सामान मिळून होतं त्याहून जास्त वजन, तेही डचमळणारं. उतरवताना मात्र बूच बसवायला विसरणं म्हणजे आपणहून बोट बुडवणं. बूच मी पिकअपच्या किल्लीच्या कडीतच अडकवलं. किल्ली काढल्याशिवाय बूच मिळत नाही आणि बूच हातात आलं की लावलं जातं.

दुपारी ३.३०

हब. ट्रेलर बंद पडतो तो बहुतेक वेळा इथेच, आणि हा नवा असला तरी मी उघडलाच. रस्त्यावर हब तापतो. तापलेला हब एकदम थंड पाण्यात गेला की आतली हवा आकसते आणि सीलमधून पाणी आत ओढलं जातं. ग्रीस दुधाळ होतं, बेअरिंग गंजतं आणि पुढच्या खेपेला चाक जाम होतं. हौशी माणसाला सांगता येतं, अर्धा तास थांब, थंड होऊ दे. पुरात कुणाला थांबायला सांगणार? म्हणून स्प्रिंगच्या दाबाच्या टोप्या घातल्या, त्या आत ग्रीस दाबून धरतात आणि पाण्याला जागा देत नाहीत. बेअरिंगमध्ये काकांनी तळहातावर ग्रीस घेऊन ते दुसऱ्या बाजूनं बाहेर येईपर्यंत दाबलं. कॅसल नट आवळला, किंचित मागे घेतला, स्प्लिट पिन घातली. चाक हातानं फिरवलं तर आवाज नाही, हलवलं तर ढिलेपणा नाही.

दुपारी ४.३०

धामणगाव रस्त्यानं बेंबळा प्रकल्पाकडे. गाडी चालवायला गावकऱ्यांनी एक तरुण आणला आहे, आणि त्यांची निवड पटली. तो कापसाची ट्रॉली जिनिंगच्या अरुंद फाटकातून मागे घेतो. ट्रेलर मागे घेणं शिकवायला सगळ्यात अवघड. फक्त त्याला एवढंच सांगावं लागलं की स्टिअरिंग थोडं आणि हळू. हात स्टिअरिंगच्या खालच्या बाजूला ठेवायचा; हात डावीकडे नेला की ट्रेलर डावीकडे.

बाभूळगावला थांबून हबला हात लावून पाहिला. कोमट. नट पुन्हा आवळले, पट्टे पुन्हा ताणले. नवा पट्टा पहिल्या टप्प्यात ढिला पडतोच.

संध्याकाळी ६

जूनमध्ये जलाशय खूप मागे गेलेला असतो. जाळी सुकवत बसलेल्या एका भोई काकांना विचारलं. ‘तिकडं नोका जाऊ, गाळ हाय. इथं खाली मुरूम हाय, गाडी दबणार नाही.’ नकाशापेक्षा हे बोलणं भरवशाचं.

दिव्यांची पट्टी काढली. मागचे पट्टे सोडले. बूच लावलं. नाकाची साखळी मात्र पाण्याला टेकेपर्यंत तशीच. ती आधी काढली आणि बोट रोलरवरून उतारावर सटकली, असं होऊ शकतं. चाकं अर्धी बुडाली तेव्हा साखळी काढली, दोघांनी ढकललं, आणि बोट रोलरवरून घसरत पाण्यावर गेली. पाणी गुडघ्याच्याही खाली होतं. मग परत चढवणं, आणि हे जास्त वेळा केलं. एकानं विंच फिरवायची, दुसऱ्यानं बोटीचा मागचा कोपरा धरायचा, नाक व्हीमध्ये बसलं की साखळी. अंधार पडल्यावर पिकअपचे दिवे बंद ठेवून, नुसत्या डोक्यावरच्या टॉर्चवर पुन्हा एकदा. पोरं आता एकमेकांना न सांगता आपापल्या जागी जात होती.

रात्री ९

वर्कशॉपमध्ये परत. हब उघडून पाहिले. ग्रीस स्वच्छ, पिवळं. एक सुटं चाक, एक सुटा बेअरिंग संच, ग्रीसचा डबा आणि दोन जॅक ट्रेलरच्या पेटीत भरले. पेटीच्या झाकणावर आतून रंगानं लिहून दिलं: टायरची हवा दर पंधरा दिवसांनी, हब प्रत्येक वेळी पाण्यात गेल्यावर, ट्रेलर उभा करताना टायरखाली ठोकळे. उद्या पहाटे आर्णी, महागावमार्गे उमरखेड. आर्णीला थांबून नट बघायचे.