बोथट सुरीची जखम

लाल भोपळा चिरायला घेतला. सुरी सालीत रुतेना, म्हणून मनगटाचा जोर वाढवला. सुरी सालीवरून सटकली आणि भोपळा धरलेल्या डाव्या हाताच्या तर्जनीच्या मुळाशी जाऊन थांबली. हाताला टॉवेल गुंडाळून अपघात विभागात आलेली अशी गृहिणी सरकारी रुग्णालयाला नवी नाही. जखम दिसायला दीड-दोन सेंटिमीटरची, रक्त बहुधा घरीच थांबलेले. ‘दोन टाके घाला आणि सोडा, पोळ्या व्हायच्यात अजून,’ असा तिचा सूर असतो.

‘मावशी, बोटाचं टोक वाकवून दाखवा बरं,’ निवासी डॉक्टर म्हणतो.

टोक वाकत नाही. मावशी दुसऱ्या हाताने ते वाकवून पाहतात, सोडले की परत सरळ. आणि सोबत आलेले यजमान चक्रावून विचारतात, ‘अहो डॉक्टर, पण त्या सुरीला तर धारच नव्हती!’

धार नव्हती म्हणूनच हे झाले, हे त्यांना पटवायला थोडा वेळ लागतो.

पात्याच्या दोन बाजू जिथे मिळतात ती रेषा म्हणजे धार. चांगली लावलेली धार एक मायक्रॉनच्या आसपास जाडीची असते. माणसाचा केस साधारण ५० ते १०० मायक्रॉनचा. ही रेषा झिजून गोलसर झाली की हाताचा तोच जोर जास्त जागेवर पसरतो आणि पाते रुतण्याऐवजी घसरते. मग आपण जोर वाढवतो. भोपळा, सुरण, कोबीचा दांडा, फणस यांच्यावर तर अंगाचा भार टाकतो. पाते सटकले की तो सगळा भार घेऊन ते बोटावर येते. भोपळ्याच्या सालीपुढे हरलेली सुरी बोटाच्या मऊ कातडीला मात्र पुरेशी धारदार असते.

धार आणि जोर यांचे नाते मोजलेलेही आहे. मांस कापण्याच्या कामावर अमेरिकेत झालेल्या आणि २००३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, पाते धारदार असले की मुठीचा जोर कमी लागतो आणि कापायला वेळही कमी लागतो, असे दिसले. आपल्याकडे याचा फायदा सर्वात जास्त कोणाला? अंगठ्याच्या बुडाशी संधिवाताने दुखणाऱ्या, पन्नाशी-साठी ओलांडलेल्या बायकांना. त्यांना मलमापेक्षा सुरीची धार जास्त आराम देईल, असे म्हणायला हरकत नाही. कांद्याचेही तसेच. अमेरिकेतील कॉर्नेल विद्यापीठाच्या संशोधकांनी २०२५ मध्ये दाखवले की बोथट पाते कांद्याची पापुद्र्यासारखी साल आधी दाबते, आतला दाब वाढतो आणि मग रसाचे बारीक थेंब जास्त संख्येने आणि जास्त वेगाने उडतात. डोळ्यांतून पाणी येण्यात कांद्याइतकाच सुरीचाही हात असतो.

बोटाच्या मुळापासून मधल्या पेरापर्यंतचा भाग शल्यविशारदांना पूर्वीपासून धाक घालणारा. तिथे बोट वाकवणाऱ्या दोन टेंडन, ज्यांना लोक ‘शिरा’ म्हणतात, एका अरुंद बोगद्यातून सरकतात. शिवल्यानंतर त्या एकमेकींना आणि बोगद्याला चिकटतात आणि बोट ताठ राहते. स्टर्लिंग बनेल या अमेरिकी हस्तशल्यविशारदाने या पट्ट्याला ‘नो मॅन्स लँड’ म्हटले होते, ते नाव अजून टिकून आहे. आज शस्त्रक्रिया चांगली होते, पण ती वेळेत, पहिल्या काही दिवसांतच व्हावी लागते. नंतर साधारण सहा आठवडे हाताला पट्टी, रोजचे ठरावीक व्यायाम आणि तीनेक महिने कणीक मळणे, कपडे पिळणे, बादली उचलणे बंद. एका सुरीसाठी ही किंमत फार मोठी आहे.

तेव्हा धार लावायचे एखादे साधन घरात हवे. बाजारात ती ढीगभर आहेत, आणि निवड करताना बहुतेक लोक दुकानापासून सुरुवात करतात. सुरुवात ओट्याच्या ड्रॉवरपासून करावी. घरात कोणती पाती आहेत, ते आधी पाहावे. प्लॅस्टिकच्या मुठीच्या, पातळ, स्वस्त सुऱ्यांपैकी पुष्कळ सुऱ्यांना बारीक दाते असतात. बोटाचे नख पात्यावरून आडवे हलकेच फिरवले की ते कळतात. या दातेरी सुरीला घरी धार लागत नाही, दगडावर घासली तर दातेच जातात. ती बोथट झाली की बदलायची. साध्या, बिनदाती पात्याची स्टीलची सुरी असेल तरच पुढचा विचार. विळीची गोष्ट वेगळी, ती नंतर.

सगळ्यात जास्त खपते ते दोन-तीन खाचांचे, सुरी खेचायचे साधन. त्याचा गुण असा की काही शिकावे लागत नाही: ओट्यावर ठेवले, चार वेळा सुरी ओढली, काम झाले. कोन खाचेतच ठरलेला. दोष असा की त्यातल्या कठीण धातूच्या पट्ट्या पात्याचा धातू अक्षरशः खरवडून काढतात. धार खडबडीत येते, लवकर जाते आणि वर्षानुवर्षे वापरले तर पाते लहान होत जाते. चोखंदळ लोक या साधनाला नाके मुरडतात. पण शंभर-दीडशे रुपयांची सुरी दोन वर्षांनी लहान झाली म्हणून काय बिघडले? ज्या घरात दगडावर बसून सुरी घासायला कोणालाच सवड नाही, त्या घरात हे साधन कपाटात पडलेल्या उत्तम दगडापेक्षा चांगलेच. घेताना मात्र ओट्यावर घट्ट बसणारे आणि हात पात्याच्या वाटेपासून दूर राहील अशी मूठ असलेले घ्यावे. हातात धरून सुरीवर फिरवायची छोटी साधने टाळावीत. त्यांत बोटे थेट धारेसमोर येतात.

विजेवर चालणारी यंत्रे घरासाठी जरा जास्तच. जोर दिला तर पात्याची कड तापते, आणि कड तापून निळसर झाली की तेवढ्या भागाचे पाणी उतरले, म्हणजे पोलादाची कठीणता गेली. दांड्यांच्या आधारे कोन पक्का धरणारे संचही मिळतात. काम सुरेख करतात, पण ते बाहेर काढून जोडेपर्यंत भाजी चिरून होते. सुऱ्यांचा शौक असणाऱ्यांनी ते जरूर घ्यावेत. सुरीसंचासोबत येणारा लांब पोलादी दांडा धार लावत नाही, हेही सांगायला हवे. वापराने धार आधी एका बाजूला किंचित वाकते. दांडा तिला सरळ करतो. झिजलेल्या धारेला त्याचा काही उपयोग नाही.

उरतो दगड. बहुतेक घरांना हाच सर्वात योग्य, आणि त्याची भीती वाटावी असे त्यात काही नाही. एका बाजूने भरड, दुसऱ्या बाजूने मऊ असा दगड हार्डवेअरच्या दुकानात शे-दोनशे रुपयांपासून मिळतो. ग्रिटचा आकडा जितका मोठा तितका दगड मऊ: ४०० ग्रिट अगदी बोथट पात्यासाठी, १००० ग्रिट नेहमीसाठी. तीन हजार, सहा हजारांचे दगड पात्याला चकाकी देतात, पण मेथी चिरायला चकाकी लागत नाही. यातले बरेच दगड ॲल्युमिनियम ऑक्साइडचे, म्हणजे आपल्या जुन्या कुरुंदाचेच कारखान्यात तयार केलेले रूप. इंग्रजीतला ‘कोरंडम’ हा शब्दसुद्धा इकडचाच, तमिळमधला कुरुंदम् आणि संस्कृतातला कुरुविंद यांच्या कुळातला.

दगड पाण्यात भिजवून ओल्या फडक्यावर ठेवावा, म्हणजे सरकत नाही. अवघड वाटतो तो कोन. घरच्या सुरीला एका बाजूने साधारण २० अंश हवेत, आणि त्यासाठी कोनमापक नको: पाते जितके रुंद, त्याच्या एक तृतीयांश उंचीवर त्याची पाठ दगडापासून उचलून धरली की २० अंशांच्या अगदी जवळ येतो. तीन सेंटिमीटर रुंद पाते असेल तर पाठ एक सेंटिमीटर वर. एवढे धरून हलक्या हाताने घासत राहावे. थोड्या वेळाने पात्याच्या दुसऱ्या, न घासलेल्या बाजूला धातूची बारीक खरखरीत कड वळून आलेली जाणवते. बोट पाठीकडून धारेकडे, धारेच्या बाहेर जाईल असे अलगद न्यावे. धारेच्या लांबीवरून कधीही नाही. ही कड मुठीपासून टोकापर्यंत आली की ती बाजू झाली. मग दुसरी बाजू तशीच, आणि शेवटी दोन्ही बाजू आलटून पालटून अगदी हलक्या, म्हणजे ती कड निघून जाईल. कड न येता दगड बदलणे किंवा काम थांबवणे, ही शिकाऊ माणसाची नेहमीची चूक. तासभर घासूनही धार येत नाही अशी तक्रार करणाऱ्यांचे बहुधा हेच झालेले असते.

दगड ओला ठेवण्याचे कारण फक्त धार नव्हे. इंग्लंडमधल्या शेफिल्ड शहरात एकोणिसाव्या शतकात सुऱ्या-काट्यांना वाळूच्या दगडाच्या चाकावर धार लावणारे कामगार ‘ग्राइंडरचा दमा’ होऊन तरुणपणीच मरत. तो आज आपण ज्याला सिलिकोसिस म्हणतो तो रोग. कोरड्या चाकावर काम करणाऱ्या काटेवाल्यांचे हाल सर्वात वाईट होते. ओल्या चाकावरचे त्या मानाने जास्त जगत. घरी महिन्यातून दहा मिनिटे दगड घासणाऱ्याला असला धोका नाही. तरी दगडावरचा काळा गाळ फुंकून उडवू नये, पाण्याने धुवावा, आणि सुरी साबणाने धुऊन मगच भाजीला लावावी.

आता विळी. कोकणात कुठे कुठे तिला मोरळी म्हणतात. तिचे पाते आतल्या बाजूला वळलेले, त्यामुळे सपाट दगड तिच्या धारेला नीट टेकतच नाही, आणि खाचांच्या साधनात ती शिरत नाही. विळीसाठी लांबट, कडा गोल असलेला, हातात धरायचा दगड लागतो: विळी पाटासकट घट्ट ठेवून दगडच धारेवरून पाठीकडून पुढे न्यायचा. हात धारेसमोर राहतो, म्हणून हे काम सरावाच्या माणसाचे. ज्याला सराव नाही त्याने दारावरून जाणाऱ्या धारवाल्याला हाक मारावी. शिकलगार म्हणून ओळखल्या जाणाऱ्या कारागिरांनी पिढ्यान्‌पिढ्या हेच काम केले. आता सायकलचे चाक फिरवत येणारा माणूस शहरात क्वचित दिसतो, पण मंडईच्या आसपास अजून सापडतो. ठिणग्या उडवत एकाच जागी पाते फार वेळ चाकावर दाबून धरत असेल तर त्याला ‘दादा, मधे मधे पाण्यात बुडवा,’ एवढे जरूर सांगावे. विळीचे पाते बहुधा साध्या पोलादाचे असते. कैरी, लिंबू, चिंच चिरून ती तशीच ठेवली की धारेवर गंज चढतो. धुऊन, पुसून, पाते मिटवून ठेवणे ही निम्मी धार.

उरलेली निम्मी कशावर चिरता त्यावर. ग्रॅनाइटचा ओटा, काचेचा पाट, स्टीलचे ताट यांवर चिरल्याने सुरी आठवड्यात बोथट होते. लाकडी किंवा प्लॅस्टिकचा पाट घेतला तर महिना-दोन महिने धार पुरते. धार पाहायची असेल तर अंगठ्यावर नको, पिकल्या टोमॅटोवर पाहावी: सुरीच्या नुसत्या वजनाने साल तुटली तर धार आहे, साल आत दबली तर दगड काढायची वेळ झाली.

आणि एवढे करूनही लागलेच, तर स्वच्छ फडक्याने जखम दहा मिनिटे सलग दाबून हात वर धरावा. दर मिनिटाला उघडून पाहू नये. हळद, कॉफी, चुना काही भरू नये, आत काय तुटले आहे ते पाहणे मग अवघड होते. अंगठी लगेच काढावी, सूज आल्यावर ती निघत नाही. मग बोटाचे टोक वाकते का, सरळ होते का, आणि टोकाच्या दोन्ही बाजूंना स्पर्श नेहमीसारखा कळतो का, हे पाहावे. यातले एकही जमत नसेल तर रक्त थांबलेले असले तरी त्याच दिवशी रुग्णालय गाठावे. मधुमेहींच्या बोटांना आधीच बधिरता असू शकते, त्यांनी या चाचणीवर विसंबू नये, सरळ दाखवावे. धनुर्वाताचे इंजेक्शन शेवटचे कधी घेतले, ते डॉक्टरांना सांगावे.

धार लावल्यानंतरचा पहिला दिवस मात्र खरा जोखमीचा. हाताला जुन्या जोराची सवय असते आणि सुरी नवी झालेली असते. त्या दिवशी धार लावणाऱ्याने सुरी जागेवर ठेवताना घरातल्या सगळ्यांना, भाजी चिरायला येणाऱ्या मावशींनाही, आवर्जून सांगावे: ‘आज सुरीला धार लावलीय, जरा हळू.’