मेपल करपतो कशामुळे?

२८ जून २०२१ रोजी अमेरिकेतल्या पोर्टलंड शहरात पारा ४६.७ अंश सेल्सिअसवर गेला. एरवी ओरेगॉन राज्याच्या या भागातला उन्हाळा सौम्य असतो. म्हणूनच जपानी मेपल तिथे चांगला रुजला आणि तिथल्या रोपवाटिका या झाडासाठी नावाजल्या. उष्णतेच्या त्या लाटेत मात्र बागांमधल्या मेपलची पानं कडेने तपकिरी पडून चुरचुरीत झाली.

पान करपलं की सगळा दोष उन्हाला जातो. दुखण्याचा मोठा भाग खरं तर मुळाशी असतो. जपान-कोरियाच्या डोंगरउतारांवर हा मेपल उंच झाडांच्या सावलीत वाढतो. त्याची पानं पातळ, खोल कातरलेली असतात आणि बारीक मुळं मातीच्या वरच्याच थरात पसरतात. हवा ३० अंशांवरून ४० अंशांवर गेली, की ती दीडपटीहून अधिक बाष्प सामावू शकते. पानातलं पाणी तितक्या जोराने ओढलं जातं. मुळांना तेवढा पुरवठा झेपला नाही, की पान आपली रंध्रं मिटून घेतं. पाणी वाचतं, पण बाष्पोत्सर्जनाने मिळणारा गारवा जातो आणि पान आणखी तापतं. पानाची कड म्हणजे कालव्याच्या टेलचं शेत. पाणी तिथे सगळ्यात शेवटी पोचतं, म्हणून करपायला सुरुवात तिथूनच होते.

तेव्हा पहिली काळजी मातीची. सकाळी सावकाश, खोलवर मुरेल असं पाणी द्यावं. लाकडाच्या सालीचं किंवा पालापाचोळ्याचं पाच ते आठ सेंटिमीटर आच्छादन पसरावं, मात्र ते खोडाला भिडू देऊ नये. कुंडीतल्या झाडाला जास्त जपावं लागतं, कारण कुंडीच्या भिंती तापून मुळंच भाजतात. उन्हाळ्यात नत्रखत टाळावं. त्याने फुटणारी कोवळी पालवी आधी करपते.

पण पाणी भरपूर दिलं म्हणजे झालं, असंही नाही. ओरेगॉनमध्ये त्या लाटेत डग्लस फरसारख्या वृक्षांची उन्हाकडची बाजू करपली आणि त्याच झाडांची सावलीतली पानं हिरवी राहिली. अति उष्णतेने पानाच्या पेशींना थेट इजा होते, असं तिथल्या संशोधकांनी दाखवून दिलं. अशा दिवसांत दुपारनंतरची सावली हाच उपाय. लावतानाच भिंतीच्या किंवा मोठ्या झाडाच्या पूर्वेला जागा निवडावी; लहान रोपावर तात्पुरतं शेडनेट बांधावं. जातीनेही फरक पडतो. लाल पानांतलं अँथोसायनिन हे रंगद्रव्य जादा प्रकाश अडवतं. ‘ब्लडगुड’ ही लाल पानांची जात त्यामुळे बऱ्यापैकी तग धरते. पांढऱ्या-पिवळ्या छटांच्या जाती लवकर हार मानतात.

पानांवरचे पाण्याचे थेंब भिंगासारखे उन्हं एकवटून पानं जाळतात, ही समजूत मात्र सोडून द्यावी. हंगेरीतल्या गाबोर होर्वाथ आणि सहकाऱ्यांनी २०१० मध्ये ती तपासली. मेपलच्या पानांवर ठेवलेल्या काचेच्या गोळ्यांनी डाग पडले. गिंको या झाडाच्या गुळगुळीत पानांवरच्या पाण्याच्या थेंबांनी पडले नाहीत. केसाळ पानांवर, जिथे थेंब पृष्ठभागापासून उचललेला राहतो, तिथेच धोका आढळला.

पानं करपली म्हणून लगेच कात्री चालवण्याची घाई मला फार खुपते. फांदीची साल नखाने किंचित खरवडून पाहावी. खाली ओलसर हिरवं दिसलं तर फांदी जिवंत आहे. करपलेली पानं तशीच राहू द्यावीत, उरलेल्या फांद्यांना तेवढीच सावली होते. छाटणीचा निर्णय पुढच्या वसंतात, कोणते डोळे फुटतात ते पाहून घ्यावा.