सीमा सरकली, माणूस तेथेंच

राज्य पालटलें म्हणजे प्रजेच्या हक्कांचें काय होतें, हा प्रश्न आपण बहुधा युरोपाच्या इतिहासांत वाचतों. १९१९ च्या व्हर्सायच्या तहानें पोलंडकडे गेलेल्या मुलुखांतील जर्मनांस नागरिकत्व निवडण्यासाठीं दोन वर्षांची मुदत मिळाली होती. परंतु हाच प्रश्न चंद्रपूर जिल्ह्यांतील कोरपना परिसरासहि पडलेला आहे.

कोरपना आणि जिवती हे आजचे तालुके पूर्वीच्या राजुरा तालुक्यांतले. राजुरा निजामाच्या आदिलाबाद जिल्ह्यांत होता. सप्टेंबर १९४८ मध्यें निजामाची सत्ता संपली. २६ जानेवारी १९५० रोजीं संविधान अंमलांत येऊन येथील गोंड, कोलाम व बंजारे भारताचे नागरिक ठरले. १ नोव्हेंबर १९५६ रोजीं तालुका मुंबई राज्यांत गेला आणि १९६० मध्यें महाराष्ट्रांत आला. अवघ्या बारा वर्षांत चार राज्यें पाहिलीं. शेत मात्र तेंच राहिलें.

नागरिकत्व व्यक्तीस मिळतें, अनुसूचित जमातीचा हक्क मात्र राज्याच्या यादीस बांधलेला असतो. गोंड-कोलामांचा हक्क सीमेबरोबर सुखरूप आला. बंजाऱ्यांचें तसें झालें नाहीं. १९७६ च्या कायद्यानें तेलंगणांतील लंबाडा अनुसूचित जमातींत गणले गेले. महाराष्ट्रांतील त्यांचेच बांधव विमुक्त जातींत राहिले. पलीकडची मुलगी अलीकडे सून होऊन आली, तर तिच्या माहेरच्या भाच्यास जो हक्क आहे तो तिच्या पोटच्या मुलास नाहीं!

जिवती तालुक्यांतील चौदा गांवांवर तर महाराष्ट्र व तेलंगण दोघेहि हक्क सांगत आले. तेथें अनेकांजवळ दोन्ही राज्यांच्या शिधापत्रिका व मतदार-ओळखपत्रें आढळतात. कोणी यास लबाडी म्हणेल. परंतु ज्या घरावर दोन राज्यें दावा करतात, त्या घरच्या माणसानें कोणतें दार आपण होऊन बंद करावें? दोन शिधापत्रिका असूनहि जमिनीच्या पट्ट्यासाठीं शेतकऱ्यास ताटकळावेंच लागतें.

मनुस्मृतीच्या आठव्या अध्यायांत सीमावादाचा निर्णय ग्रामस्थांच्या समक्ष साक्षी घेऊन करावा, असें सांगितलें आहे. सीमा आंखणाऱ्यांनीं एवढा नियम तरी पाळावा, आणि रेघ सरकवितांना माणसाचा पूर्वीचा हक्क त्याजबरोबर चालूं द्यावा. वाचकांनीं नकाशा पाहतांना त्या रेघेखालीं राहणाऱ्यांचाहि विचार करावा, एवढीच विनंती.